खालच्या तीन ओळी

अवसरी बुद्रुक,
दि. ११ नोव्हेंबर २००७

प्रिय इंद्रायणी,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. एप्रिल १९९४ मध्ये नारायणगावच्या डॉ. रत्नदीप यांनी तुझ्या वडिलांची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सोपानची, प्लीहा, आपण जिला पाणथरी म्हणतो ती, गरज नसताना काढली. आणि म्हणून त्यांच्या रुग्णालयात सर्जन म्हणून रुजू होणे तुला योग्य नाही. ही झाली प्रतिज्ञा. आता हेतू, म्हणजे कारणे, मग उदाहरण आणि शेवटी निष्कर्ष, या क्रमाने जाईन. कुठे पायरी गाळलेली दिसली तर समासात खूण कर. लहानपणी जेवता जेवता तू माझ्या वाक्यांना बोटाने खुणा करीत होतीस, ती सवय अजून मोडली नसेल असे धरून चालतो.

गेल्या महिन्यात तू कळवलेस की शिक्षण पुरे झाले, डॉ. रत्नदीप यांनी आपण होऊन बोलावले आहे आणि एक डिसेंबरच्या आत त्यांना उत्तर द्यायचे आहे. मी फोनवर ‘नको’ म्हणालो आणि फोन ठेवला. त्यावर तुझे पोस्टकार्ड आले: ‘आण्णा, नको म्हणजे का? आधार सांगा. तोंडी नको, लेखी द्या.’ मंचरच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे मागणे नाकारता येत नाही, हे तू जाणून होतीस. पोस्टकार्डापाठोपाठ दोन दिवसांनी तुझा प्रबंधही पोचला: प्लीहेच्या दुखापतींत शस्त्रक्रिया करावी की न करता सांभाळावे, आणि दोन्ही वाटांनी गेलेल्या रुग्णांना रक्त किती लागले. चौसष्ट रुग्णांचा हिशोब. त्यातले एकतिसावे पान कोपऱ्यात दुमडलेले होते. टपालात पान आपोआप दुमडत नाही. मी ते अजून वाचलेले नाही. साक्षीदाराने आपली साक्ष होण्याआधी दुसऱ्याची ऐकू नये.

तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस आणि सुट्टीसाठी मामाकडे गेली होतीस, म्हणून घटना पुन्हा सांगतो. चैत्रातली यात्रा, बैलगाडा शर्यतीचा घाट, दुपारचे बारा. सोपानचे काम गाड्याच्या तोंडाशी उभे राहून जुंपलेले बैल धरून ठेवण्याचे. निशाण पडले की बैल सोडायचे आणि त्याच क्षणी बाजूला उडी घ्यायची. अख्ख्या तालुक्यात या कामाला आपल्याइतका भरवशाचा माणूस नाही, असे तो स्वतःच सांगे. मी घाटात जात नसे. त्या वर्षी गेलो, कारण त्याने मला चारचौघांत हिणवले होते: ‘आण्णा, तुमचं तर्कशास्त्र एकदा आमच्या बैलाला ऐकवा. पळाला तर खरं, न्हाईतर झोपंल तरी.’ सातव्या बारीला डावीकडचा बैल निशाणाआधीच उसळला आणि जुवाचे टोक सोपानच्या डाव्या बरगड्यांखाली बसले. तो पडला, उठला, धूळ झटकली आणि जमलेल्यांना म्हणाला, ‘काय न्हाय राव, जरा दम गेला.’ पुढे दीड तास तो लिंबाखाली बसून होता. पाणी प्याला, दोन बाऱ्या पाहिल्या, हरलेल्यांना टोमणे मारले. एकच चमत्कारिक गोष्ट त्याने सांगितली: मार बरगडीला बसला, पण दुखतोय डावा खांदा. जिथे लागले तिथे दुखत नाही आणि जिथे लागले नाही तिथे दुखते, असे म्हणणारा माणूस वाढवून सांगतो, अशी मी मनात नोंद केली. मग तो उठायला गेला आणि तिथेच खाली बसला. चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला होता.

आम्ही त्याला जीपमध्ये घालून नारायणगावला नेले. डॉ. रत्नदीप तेव्हा चाळिशीचे होते. आपल्याच तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीत वाढलेले, शिष्यवृत्तीवर शिकलेले, बोलणे अगदी मोजके. त्यांनी पापणी ओढून पाहिली, नाडी मोजली, पोट दाबले, आणि पोटात चार ठिकाणी सुई घालून पिचकारी मागे ओढली. तिसऱ्या ठिकाणी पिचकारीत रक्त आले. ‘पाणथरी फुटली आहे. काढावी लागेल, आत्ता,’ ते म्हणाले. मी विचारले, एवढ्या एका पिचकारीवरून? ते म्हणाले, हो. आधी पुण्याहून रक्ताच्या बाटल्या येऊ द्या, मग ठरवू, असे मी सुचवले. जीप जाऊन यायला पाच तास लागणार होते. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि आवाज न चढवता म्हणाले, ‘सर, तोवर पेशंट राहील, एवढं तुम्ही लिहून द्या. मी थांबतो.’ वादात समोरच्याला कोंडीत पकडण्याचा हा डाव मी वर्गात शिकवीत असे. माझ्यावर तो पहिल्यांदाच टाकला गेला. मी संमतीपत्रावर सही केली, पण ते वाक्य विसरलो नाही.

पहिला हेतू: फट. ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवण्याची इकडे रीत आहे, म्हणजे मागून कोणी ‘आतून काय काढलं कोणास ठाऊक’ म्हणू नये. साळुबाई नावाच्या आयाने पांढऱ्या ट्रेमध्ये प्लीहा बाहेर आणली. जांभळट, मुठीहून थोडी मोठी, आणि वरच्या अंगावर एक फट, दोन बोटे लांब, केसासारखी बारीक. तेवढीच. डॉक्टरांनी ती औषधात बुडवून बरणीत घातली आणि पुण्याला तपासणीसाठी न्यायला माझ्या हाती दिली. मी ती पुण्याला नेली नाही. ज्याच्यावर संशय, त्यानेच सांगितलेल्या जागी पुरावा पोचवणारा मी नव्हे. मी ती आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेली, तिथल्या सावळेराम शिपायाकडून काचेच्या पट्टीला दोऱ्याने बांधून घेतली, आणि बेडूक व सापांच्या बरण्यांच्या रांगेत ठेवून दिली. चिठ्ठी माझ्या अक्षरात: ‘पुरावा एक’. सोपानला हे कळले तेव्हा त्याला हसू आवरेना. पुढे कितीतरी लग्नांत तो पाहुण्यांना सांगे, ‘आमच्या घरात आण्णाच तेवढे शिकल्यात असं समजू नका. माझी पाणथरीबी कॉलेजात हाय.’

दुसरा हेतू: रक्त. घाटातून आमच्याबरोबर अकरा जण आले होते, सगळे दूधदुभत्यावर पोसलेले. रक्त द्यायचे म्हटल्यावर नऊ जण चहाला गेले आणि चहालाच राहिले. माझी साखर वाढलेली, म्हणून माझे घेतले नाही. उरलेल्या दोघांपैकी एकाचे जुळले. पुण्याहून जीप आली ती एक बाटली घेऊन, तीही सगळे आटोपल्यावर. म्हणजे बाटल्या दोन. डॉक्टरांच्या कागदावर मात्र आकडा होता तीन. तिसरी कोणाची? त्या काळी पैसे घेऊन रक्त विकणारी माणसे शहरात उभी असत आणि त्यांच्या रक्तातून काय काय येते, हे वर्तमानपत्रात छापून येत होते. मी साळुबाईला गाठले. ती फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्यांचंच व्हतं की. पोटात साठल्यालं सायबांनी वाटीवाटीनं काढलं, फडक्यातनं गाळलं आन त्यांच्याच हाताला लावलं. चांगलं रगात, वाया कशाला घालवायचं?’ रक्त चहासारखे गाळून परत माणसात घालतात, यावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हतो. फाइलमध्ये लिहिले: ‘आया पढवलेली दिसते.’ शिवाय दोन धरा वा तीन धरा, एवढ्या थोड्या रक्तावर जो माणूस वाचतो त्याचे रक्त वाहिलेच थोडे असणार. आणि थोडे वाहिले, तर कापायची घाई कशासाठी?

उदाहरणासाठी दूर जायला नको. तुझा भाऊ गोरख पुरे आहे. गेल्या वर्षी नारायणगावला टोमॅटो उतरवून परत येताना महामार्गावर त्याची मोटारसायकल घसरली आणि हँडल पोटात घुसले. तीच बाजू, तोच अवयव. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात त्याला सहा दिवस निजवून ठेवले. सुरी नाही, टाका नाही, रक्ताची एक बाटलीही नाही. सातव्या दिवशी तो पाणथरीसकट घरी आला आणि आता पुन्हा ट्रॅक्टर चालवतो. बापाची काढली, मुलाची ठेवली. मुलाची ठेवता आली, तर बापाची काढावीच लागली, हे कशावरून?

काढल्याचा परिणाम काय झाला, हे तुला मी सांगायला नको. पण साक्ष पुरी व्हावी म्हणून लिहितो. ऑगस्ट २००१, मंगळवार. दुपारी सोपानला हुडहुडी भरली. त्या आठवड्यात गावात घरोघर ताप होता. गावातले डॉक्टर आले. पोटावरची लांब खूण पाहून त्यांनी विचारले, ‘हे कसलं, भाऊ?’ सोपान म्हणाला, ‘घाटातला जुना मार हाय. त्याचं काय नाय आता.’ मी खाटेशेजारीच बसलो होतो. त्यांनी गोळ्या दिल्या, सलाईन लावले. बुधवारी सकाळी त्याच्या पायांवर जांभळे डाग उमटले आणि तो मला ओळखेना. आम्ही जीप काढली. पुण्याच्या वाटेवर, राजगुरुनगर यायच्या आत तो गेला. हुडहुडीपासून वीस तास. तू तेव्हा वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होतीस. दहाव्याच्या दिवशी नदीवरून परतताना तूच मला सांगितलेस की ज्याला प्लीहा नाही त्याला थंडीताप म्हणजे गंजीत पडलेली ठिणगी. तासांचा प्रश्न असतो. आणि विचारलेस, ‘आण्णा, डॉक्टरांनी हे कधीच सांगितलं नव्हतं?’ मी म्हणालो, नाही. त्या एका उत्तरावर आपले घर सहा वर्षे उभे आहे. तुझी आई नारायणगावच्या बाजाराला गेली तरी त्या रुग्णालयाच्या रस्त्याने जात नाही. गावातली किती माणसे आपल्या सांगण्यावरून तिथे जायची थांबली, ते मी मोजलेले नाही.

ग्राहक मंचाकडे तक्रार करण्याची फाइल माझ्याकडे तयार होती, तीन बोटे जाड. तेरावे झाल्यावर मी ती सुतळीने बांधली आणि घरात सांगितले की गेलेल्या माणसावरून वाद नको. सिद्ध होत असलेला वाद मी सोडून दिला, याचे कोणाला नवल वाटले नाही. तुला वाटले असावे.

इथवर लिहून पत्र सहा दिवस पडून राहिले. कारण असे की पुरावा सोबत जोडल्याशिवाय साक्ष पाठवायची नाही, असे ठरवून मी बरणी आणायला कॉलेजात गेलो. सावळेराम आता निवृत्तीला आला आहे. इतकी वर्षे त्या बरणीतले औषध आटले की तोच भर घालीत होता. मला पाहून म्हणाला, ‘नेताय का सर? तुमचा पावणा लई दिस ऱ्हायला आमच्याकडं.’ प्रवासात काच फुटू नये म्हणून त्याने दोरा कापून प्लीहा पट्टीवरून सोडवली आणि दुसऱ्या बरणीत घालण्याआधी तळहातावर पालथी केली. मग माझ्याकडे बघत राहिला. ‘सर, ह्या अंगानं कवा बघितली व्हती का?’ मी पाहिली नव्हती. ट्रेमध्ये पाहिली ती वरून, आणि नंतर तेरा वर्षे काचेतून, समोरून. पाठीमागे, जिथे रक्ताच्या नळ्या आत शिरतात तिथे, ती आडवी चिरलेली होती. माझा अंगठा आत गेला असता. समोरची बारीक फट हे त्या भेगेचे नुसते टोक होते. मी विचारले, तुला हे कधी कळले? तो म्हणाला, ‘बांधतानाच की. तुमी चिठ्ठी लिवत व्हता. तुमी इचारलं न्हाई, मंग मी कशाला सांगू? मोठ्या मान्सांचं पुराव्याचं काम.’

घरी आलो आणि तुझे एकतिसावे पान उघडले. तू लिहिले आहेस की ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली नाही त्यांना रक्त कमी लागले, हे आकड्यांनी दिसते. परंतु म्हणून शस्त्रक्रिया न करणे श्रेष्ठ, असे ठरत नाही, कारण ज्यांचे रक्त आपोआप थांबत होते त्यांनाच न कापता सांभाळता आले. वाक्य तुझे आहे, पण दोष ओळखायला मी तुला शिकवले होते. वरच्या दुसऱ्या हेतूवर ते वाक्य ठेवून पाहिले. सोपानला थोडे रक्त लागले, म्हणून थोडे वाहिले होते, असे मी म्हटले. नाही. आणखी वाहण्याआधी कोणीतरी थांबवले, म्हणून थोडे लागले. हा हेत्वाभास पहिल्या वर्षाच्या मुलाने केला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

मग गोरखचे ते सहा दिवस पुन्हा आठवले. मी तिथे वही घेऊन बसलो होतो. खाटेचे भाडे वाढावे म्हणून निजवून ठेवतात, असा मला संशय होता. वहीत आहे ते असे. आल्याबरोबर सीटी स्कॅन. भेग किती खोल ते पडद्यावर बोटाने दाखवलेले. दर अर्ध्या तासाला रक्तदाब. रक्तपेढी एक मजला खाली आणि तिथे त्याच्या नावाने चार बाटल्या राखून ठेवलेल्या. मी तिथल्या तरुण डॉक्टर मुलीला खोचकपणे विचारले होते की काही न करण्याचेही पैसे घेता का. ती म्हणाली, ‘काका, आम्ही ऑपरेशन करत नाही असं समजू नका. आम्ही थिएटरच्या दारात बसून आहोत. ह्याचा रक्तदाब पडला तर दहा मिनिटांत आत घेऊ.’ १९९४ च्या चैत्रात डॉ. रत्नदीप यांच्या मागे काय होते? स्कॅन नव्हता. रक्तपेढी नव्हती. पाच तासांचा रस्ता होता आणि चहाला गेलेले नऊ जण होते. न कापता वाट पाहणे हा उपचार आहे, हे मान्य. पण ज्याच्या हाताशी रक्त आहे त्यालाच तो करता येतो. आणि ज्याची भेग गोरखसारखी वरवरची, त्याच्यावरच. ‘तोवर पेशंट राहील, एवढं लिहून द्या,’ हा डाव नव्हता. ते उत्तर होते आणि दुसरे कोणतेही नव्हते.

उरलेला प्रबंध मी एका बैठकीत वाचला. नवव्या पानावर आहे की पोटात रक्त साठले की दुखणे डाव्या खांद्यात जाणवते. म्हणजे लिंबाखाली बसलेला सोपान वाढवून सांगत नव्हता. बाराव्या पानावर आहे की खेड्यांत, बाहेरचे रक्त मिळत नसताना, पोटातले रुग्णाचेच रक्त गाळून त्याला परत देतात आणि त्याने माणसे वाचतात. साळुबाईला कोणी पढवले नव्हते. तिने पाहिले तेवढे सांगितले. तिच्याएवढा साधा साक्षीदार मला आयुष्यात भेटला नाही, आणि तिच्या नावापुढे मी ‘पढवलेली’ असा शेरा लिहिला.

प्रतिज्ञा सिद्ध झाली नाही. निष्कर्ष उलटा निघतो. परंतु एक आधार उरतो, आणि तोच सर्वांत जड आहे: काढली ती योग्य काढली, पण पुढे काय जपायचे हे सांगितले का नाही? तो मी जाणूनबुजून शेवटी ठेवला होता; पत्र सुरू करताना वेगळ्या कारणासाठी, आता वेगळ्या. पाकिटात एक पिवळे कार्ड सापडेल. त्यावर वर औषधे आहेत आणि खाली, मराठीत, सुवाच्य अक्षरात, लाल शाईने अधोरेखित तीन ओळी. न्यूमोनियाची लस पुण्यात चौकशी करून घ्यावी. कधीही थंडीताप आल्यास घरी थांबू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे आणि पाणथरी काढली आहे हे सर्वांत आधी सांगावे. हे कार्ड कायम जवळ बाळगावे. घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरांनी ते सोपानच्या हातात दिले होते. मी ते त्याच्या हातातून घेतले. मूळ कागद हा पुरावा असतो. तो सदऱ्याच्या खिशात मळू द्यायचा नसतो. त्याच्यासाठी मी माझ्या अक्षरात नक्कल करून दिली: गोळ्या, वेळा, पथ्य. खालच्या तीन ओळी नकलेत घेतल्या नाहीत, कारण त्या मला सूचना वाटल्याच नाहीत. मला वाटले, उद्या खटला उभा राहिला तर ‘मी सांगितले होते’ असे म्हणता यावे म्हणून या माणसाने आपला बचाव आधीच लिहून ठेवला आहे. प्रतिपक्षाचा बचाव आपल्या हाताने कशाला उतरवून द्यायचा? दुसऱ्या एखाद्या आडनावाच्या, दुसऱ्या एखाद्या आळीतल्या डॉक्टराने त्याच तीन ओळी लिहिल्या असत्या, तर मी त्या बचाव म्हणून वाचल्या असत्या का, या प्रश्नाचे उत्तर मी टाळत आलो आहे. त्या मंगळवारी खाटेशेजारी बसलो असताना त्या मला आठवल्या नाहीत. सूचना माणूस लक्षात ठेवतो. बचाव तो फक्त खोडण्यासाठी लक्षात ठेवतो, आणि त्या दुपारी खोडायला समोर कोणी नव्हते. तेराव्यानंतर तक्रारीसाठी फाइल उघडली तेव्हा सर्वांत वरचा कागद हाच होता.

आता ‘नको’ का म्हणालो ते. त्या कार्डाची कार्बन प्रत त्यांच्या रजिस्टरात आहे, आणि तिच्याखाली ‘मूळ कार्ड मिळाले, सूचना वाचल्या’ अशी माझी सही आहे. आपल्या घराने त्यांचे नाव सहा वर्षे चारचौघांत मातीत घातले, तरी ते रजिस्टर घेऊन ते कधी आपल्या दारात आले नाहीत. तू तिथे रुजू झालीस तर एखाद्या दुपारी तुझा हात त्या कपाटाकडे जाईल, एवढ्याचीच मला भीती होती. तुझ्या भविष्याची काळजी वगैरे जे मी तुझ्या आईला सांगितले ते खरे नव्हते. कदाचित त्यांनी तुला ते पान आधीच दाखवले असेल आणि ‘लेखी द्या’ हे तू त्यासाठीच लिहिले असशील. कोपरा दुमडण्याइतकी शिस्तीची तू आहेस. हा माझा अखेरचा संशय, आणि तो खरा ठरला तर मला वाईट वाटणार नाही. एक डिसेंबरच्या आत त्यांना होकार कळव. कार्ड आईला तू वाचून दाखव. मला ते साधलेले नाही. खाली जी लिहितो ती चूक एकच आहे. त्यानंतरची सहा वर्षे मी तिच्यात धरत नाही, कारण गप्प राहणे ही माझ्या हातून झालेली चूक नव्हती, तो मी घेतलेला निर्णय होता, आणि त्याला काय म्हणायचे ते तू ठरव.

तुझाच,
आण्णा

मी, भगवंत खंडू भोर, लिहून देतो की एप्रिल १९९४ मध्ये माझा भाऊ सोपान याला त्याच्या कार्डाची नक्कल करून देताना खालच्या तीन ओळी मी गाळल्या. डॉक्टरांनी सांगितले होते. मी पोचवले नाही. चूक माझी.

भगवंत खंडू भोर
दि. १७ नोव्हेंबर २००७